सुभेदारांचा रंगरूट

सुभेदार लोखंडे आपल्या डिजिटल डायरीला शिक्षा करत. हे मी ऐकीव सांगत नाही. एका सकाळी त्यांनी ते यंत्र अंगणातल्या स्टुलावर उघडून उभं केलं, समोर सावधान उभे राहिले आणि त्याच्यावरचा आरोप खणखणीत आवाजात वाचून दाखवला. सकाळी सहाला वाजायचा हुकूम असताना यंत्र आदल्या संध्याकाळी सहाला वाजलं होतं. "कुछ कहना है?" त्यांनी विचारलं. यंत्र गप्प. सुभेदारांनी ते मिटून हळदीच्या रिकाम्या डब्यात टाकलं आणि झाकण दाबून बसवलं.

सकाळ-संध्याकाळची कळ दाबायला सुभेदार स्वतःच विसरले होते. मी शेजारच्या अंगणातून, मधल्या भिंतीवरून तसं सांगितलं, तर म्हणाले, "आवं दीक्षित, भरतीचा नवा रंगरूट चुकला की त्याला आधी आत टाकायचं. चूक कुणाची ते मागनं बगायचं." दुपारी मात्र रंगरुटाला जामीन मिळाला, कारण दुपारचे थेंब होते.

त्या थेंबांचं आधी सांगतो. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या वसाहतीत आमची घरं शेजारी, मधे छातीइतकी भिंत. मी बँकेत कारकून, मूळचा वाईचा. सुभेदार कडेगावकडच्या एका खेड्यातले, तोफखान्यातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, एकटे. मुलगी सुनंदा नागपूरला नर्स. सुभेदारांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता. उजवा डोळा जवळजवळ गेलाच होता. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, पण दिवसातून चारदा वेळेवर थेंब घातले तर डावा डोळा राहील. चुकलं, तर तोही जाईल. वेळा चुकू नयेत म्हणून सुनंदानं ही डायरी पाठवली. त्या काळी असली वस्तू साहेब लोकांच्या खिशात असे. आमच्या वसाहतीत ती पहिलीच, आणि मी म्हणेन, शेवटची असती तरी चाललं असतं.

कारण त्या यंत्राला काही म्हणजे काही धड येत नव्हतं. मराठी येत नव्हतं. कळा ज्वारीच्या दाण्याएवढ्या. पडद्यावरची अक्षरं फक्त उन्हात तिरकं धरलं तरच दिसायची, म्हणजे ज्याचे डोळे अधू त्याच्यासाठी हे यंत्र! गजर फार तर दुसऱ्या दिवसापर्यंतचे धरून ठेवी, म्हणून सुभेदार रोज संध्याकाळी भिंग घेऊन उद्याच्या चारही वेळा नव्यानं भरत आणि प्रत्येक अक्षराला एक शिवी देत. शिव्या हिंदी-मराठी मिश्र असत आणि आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत.

पण माणूस हट्टी. "रंगरूट कसाबी असूंदे, परेडला उभा कराय येतोय," असं त्यांचं म्हणणं. नावाला जागा अपुरी पडे, म्हणून त्यांनी आपली लिपी काढली. दूधवाल्याची नोंद 'मिल्क बॅड'. माझी बायको 'शैला गुड'. मी 'दीक्षित वेस्ट वॉल', कारण माझं घर त्यांच्या पश्चिमेला. मी गुड का बॅड ते लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, "तुमचं अजून चाललंय."

सेल बदलणं हे तर ऑपरेशनच. जुना सेल काढल्यावर नवा लगेच बसला नाही तर आतलं सगळं पुसलं जाई. सुभेदारांनी त्याची कवायत ठरवली होती. ते जुना सेल काढणार, मी चिमट्यात नवा धरून तयार, शैला घड्याळाकडे बघणार. हळदीचा हंगाम होता, यार्डाकडून वारा येत होता. जुना सेल निघाला आणि मला शिंक आली. चिमटा उडाला, सेल तुळशीच्या कुंडीत. मिल्क बॅडपासून शैला गुडपर्यंत सगळे गेले. सुभेदारांनी रिकामा रंगरूट मिटला. मग म्हणाले, "दीक्षित, पुढल्या टायमाला चिमटा वैनींच्या हातात. तुमी लांब हुबं ऱ्हावा."

आता मी हे हसत सांगतोय असं वाटेल. तेव्हा मला हसू येत नव्हतं. संताप होत होता, आणि त्याचं कारण त्या यंत्राचा सगळ्यात मोठा दोष.

त्याचा गजर चिमणीच्या पिल्लासारखा बारीक होता. तोफांनी सुभेदारांचे कान असे करून ठेवले होते की माणसाची हाक त्यांना ऐकू येई, पण असा बारीक आवाज अजिबात नाही. म्हणजे यंत्र त्यांच्या अंगणात वाजे आणि ऐकू मला येई. पीप पीप, पीप पीप. ते पंपाजवळ खुशाल उभे, यंत्र त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात कोकलतंय, आणि मी तोंडावरचा दाढीचा फेस पुसत भिंतीकडे धावतोय.

"सुभेदार! वाजतंय!"

"काय हाय? सकाळी सकाळी कशापायी बोंबलताय?"

"तुमचं यंत्र वाजतंय!"

"वाजू दे की. त्याचं कामच हाय ते."

आणि मग जसं काही मीच माझ्या कामासाठी त्यांना बोलावलंय अशा थाटात भिंतीपाशी यायचे, खिशातून बाटली काढायचे आणि म्हणायचे, "आता बोलावलंच हाय तर घाला थेंब. तुमची बी खेप वाया नको जायला." मान वर करून, डोळा ताणून उभे राहायचे. मी थेंब घालायचो. "हळू! तोफंत गोळा घालताय काय?" आभार वगैरे भानगड नाही. सकाळी मी, दुपारी शैला, संध्याकाळी दोघांपैकी जो सापडेल तो, आणि झोपायच्या आधी परत मी. आमचा चहा, आमची आंघोळ, आमची भांडणंसुद्धा त्या पिपाणीच्या वेळा बघून व्हायला लागली.

एका रविवारी माझा स्फोट झाला. जेवण अंगावर आलं होतं, डोळा लागला होता, शैला माहेरी गेलेली. पीप पीप. मी उशी कानावर घेतली. ते थांबेना. शेवटी उठलो, भिंतीशी गेलो आणि जे मनात होतं ते सगळं बोललो. की मी बँकेत नोकरी करतो, तुमच्या पलटणीत नाही. की गजर ज्याचा त्याला ऐकू येत नसेल तर तो गजर नव्हे, शेजाऱ्याला दिलेली शिक्षा आहे. सुभेदारांनी ऐकून घेतलं. "द्या ते इकडे," मी म्हणालो. त्यांनी रंगरूट माझ्या हातात दिला.

टेंपोचं वायरिंग करणाऱ्या एका माणसाकडे मी तो नेला. त्यानं आतून दोन वायरी काढल्या आणि टेंपो मागं घेताना जो भोंगा वाजतो तो साबणाच्या डबीत बसवून यंत्राला जोडून दिला. पहिल्याच गजराला रस्त्यानं चाललेला सायकलवाला घाबरून गटाराकडेला सरकला. सुभेदार घरात होते, ते दचकून बाहेर आले.

"ऐकू आलं?" मी विचारलं. खुशीत होतो.

"आलं," ते म्हणाले. डबीकडे थोडा वेळ बघत राहिले. "लय झ्याक काम केलंसा." आणि आत गेले.

मला सुख लागलं. सकाळचा चहा गरम पिता येऊ लागला. वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचून व्हायचं. भोंगा दिवसातून चारदा वाजायचा आणि आम्ही कुणी जागचं हलायचो नाही. शैलाला मात्र चैन पडेना. "सुभेदार हल्ली भिंतीकडे येत नाहीत," ती म्हणाली.

"कशाला येतील? आता त्यांचं त्यांना ऐकू येतं."

"शिव्याही ऐकू येत नाहीत."

ते खरं होतं. तिनं एकदा विचारलंही, तर "सगळं ठीक हाय वैनी," एवढंच उत्तर आलं.

मग तपासणीचा दिवस आला. मी त्यांना स्कूटरवर मिरजेला घेऊन गेलो. डॉक्टरांनी डाव्या डोळ्यातला दाब मोजला, परत मोजला, आणि माझ्यावरच खेकसले. "थेंब बंद केलेत का? असंच चाललं तर हा डोळाही जाईल, मग माझ्याकडे येऊ नका!" मी सुभेदारांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होते.

परतीच्या वाटेवर मी स्कूटर चालवत ओरडत होतो. माणसानं किती निष्काळजी असावं! मुलगी तिकडे जीव टाकते, यंत्र पाठवते, मी भर उन्हात टेंपोवाल्यांच्या पाया पडून भोंगा बसवून आणतो, सगळ्या वसाहतीला कळतं की सुभेदारांच्या थेंबांची वेळ झाली, आणि हे साहेब थेंबच घालत नाहीत! शेवटी एका रसवंतीसमोर मी स्कूटर थांबवली आणि त्यांना बाकावर बसवलं.

"भोंगा ऐकू येतो ना?"

"येतो की."

"मग थेंब का घालत नाही?"

"घालतोय. धा-धा घालतोय." त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. हात थरथरत होता. आधीही थरथरत असणार, माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. "गालावर पडत्यात. बाटली सपली, डोळ्यात काय गेलं न्हाई."

"अहो, मग हाक मारायची! भिंत काय लांब आहे? इतके दिवस मी घालत नव्हतो का?"

"तवा तुमी हाक मारत हुता," सुभेदार म्हणाले. "आता मारत न्हाई."

मला काही कळेना. "मग तुम्ही मारा!"

"ते नगं." त्यांनी मान हलवली. रसाचे पेले आले, त्यांनी आपला हातात घेतला नाही. थरथरत्या हातातून सांडला असता. "आमची आई गावात लोकांच्या दाराम्होरं हुबी ऱ्हायाची. उंबऱ्याच्या लांब. आतनं हाक येईस्तवर. कवा यायची, कवा उन्हं कलली तरी न्हाई. मी तिच्या पदराला धरून. तवाच ठरीवलं, दीक्षित. बोलावल्याबिगर कुणाच्या दारात हुबं ऱ्हायाचं न्हाई. पलटणीत बी न्हाई ऱ्हायलो. सायबानं बोलावलं की जायचं, न्हाई तर आपल्या तंबूत."

"ते दार नाही हो, भिंत आहे! माझी भिंत!"

"तेच की," ते म्हणाले.

मी वाईचा. कुणाची आई कुणाच्या दाराबाहेर का उभी राहायची हे मला समजावून सांगावं लागत नव्हतं. मी पेला बाकावर आदळला. राग आला. त्या दारांवर आला. आतल्या माणसांवर आला, त्यांची आडनावं माझ्याच आडनावासारखी असणार म्हणून जास्त आला. आणि समोर बसलेल्या या म्हाताऱ्यावरही आला, की डोळा गेला तरी चालेल पण हा माणूस एक हाक मारणार नाही. सगळा राग एकत्र आल्यावर तो काढायचा कुणावर तेच समजेना. मी रसवाल्याशी बर्फावरून भांडलो.

"प्या आता," सुभेदार म्हणाले. "फेस बसायलाय."

मी त्यांचा पेला त्यांच्या तोंडाला लावला. त्यांनी निमूट पिऊन घेतला.

घरी आल्यावर मी स्कूटरसुद्धा आत न लावता त्यांच्या अंगणात गेलो आणि साबणाची डबी वायरींसकट उपटून काढली. शैलाला सगळं सांगितलं तेव्हा तिनं भांडी फार जोरात आपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बारीक आवाज आला. पीप पीप. मी अंगावरचं पांघरूण फेकून तसाच अनवाणी भिंतीकडे पळालो.

सुभेदार आपल्या बाजूला, भिंतीला लागूनच उभे होते. बाटलीचं झाकण काढलेलं, मान पूर्ण मागे टाकलेली, डावा डोळा ताणून आभाळाकडे लावलेला. मी आलेलो त्यांना दिसलं नव्हतं आणि यंत्र तर ऐकूच येत नव्हतं. हात पुढे करून गुपचूप थेंब घातले असते तरी चाललं असतं. मी भिंत दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि सगळी वसाहत जागी होईल एवढ्या मोठ्यानं हाक मारली, "सुभेदाऽऽर!"

"आवं, किती येळ!" ते खेकसले. "मान अवघडली की हितं!"