तलाव दोन दिवसांसाठी बंद आहे

पालिकेचा छताखालचा पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी दोन दिवस बंद ठेवण्यात आला, त्याला या महिन्यात अकरा वर्षं पूर्ण झाली. तलावातलं पाणी काढण्याचा आदेश निघाला होता, जीवरक्षक काढण्याचा निघाला नव्हता. त्यामुळे जीवरक्षक बाई रोज सकाळी सहा वाजता हजेरीपटावर सही करत, गळ्यात शिट्टी अडकवत आणि उंच खुर्चीवर बसून दहा फूट खोल कोरड्या फरशीवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत. अकरा वर्षांत त्यांच्या तलावात एकही माणूस बुडाला नव्हता. याबद्दल पालिकेनं त्यांना दोनदा प्रशस्तिपत्र दिलं होतं.

तलावाला एकच सभासद उरला होता, तो म्हणजे बाईंच्या सासूबाई. तलाव बंद होण्याच्या आदल्या संध्याकाळी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, समस्त नातेवाइकांच्या नाकावर टिच्चून त्यांनी नाव नोंदवलं होतं. आता त्या अडुसष्टच्या होत्या. रोज रबरी टोपी घालून येत, काठावरच्या बाकावर पालथ्या पडत आणि हातपाय मारत. सून वरून शिट्टी वाजवून चुका काढी. घरात सासूचा शब्द, तलावावर सुनेचा, ही वाटणी दोघींना चांगली मानवली होती. पोहण्याचे चारही प्रकार सासूबाईंना आता तोंडपाठ होते. राहता राहिलं होतं ते पाणी.

"मला एकदाच खऱ्या पाण्यात उतरायचंय गं," त्या म्हणत. "एकदाच. मग मेले तरी चालेल."

"आई, माझ्या ड्यूटीत मरायचं नाही हं. इतक्या वर्षांचं रेकॉर्ड आहे माझं."

वरून असं बोलल्या तरी बाईंचा जीव तुटायचा. दर सोमवारी त्या पाण्यासाठी अर्ज करत. असे पाचशे बहात्तर अर्ज झाले होते. त्यातल्या एकालाच उत्तर आलं: अर्जासोबत तलावाचा, पाण्यासह काढलेला, अलीकडचा फोटो जोडावा.

अशा परिस्थितीत एका रविवारी फुटक्या खिडकीतून दातांच्या डॉक्टरांचं डोकं आत आलं. आठवडाभर लोकांच्या तोंडातली भोकं बुजवून वैतागलेले हे गृहस्थ रविवारी कॅमेरा घेऊन भोकंच शोधत हिंडायचे. बंद कारखाने, ओस पडलेली गोदामं, जगाला विसर पडलेल्या जागा गाठायच्या आणि तिथं जगाचा शेवट मांडून त्याचे फोटो काढायचे, हा त्यांचा छंद. पाठीवरच्या पिशवीत गॅस मास्क, फाटका ओव्हरकोट आणि एका डोळ्याची बाहुली असे.

"अहाहा!" डॉक्टर गहिवरून म्हणाले. "काय किडलंय!"

"अहो, आम्ही आहोत इथं," बाई म्हणाल्या.

"हो, तीच जरा अडचण आहे. जग संपलंय ना. तुम्ही थोड्या बाजूला होता का?"

"ड्यूटीवर खुर्ची सोडता येत नाही. कलम चार."

डॉक्टरांनी तोडगा काढला. बाईंच्या तोंडावर गॅस मास्क चढवला, हातात बाहुली दिली. बाकावरच्या सासूबाईंना प्रेत म्हणून राहू दिलं.

"आजी, हलू नका."

"हात तरी मारू का?"

"प्रेत हात मारत नाही, आजी."

"मग आजचा सराव बुडाला की हो!"

'शेवटची शिट्टी' या नावानं तो फोटो फोनाफोनांवर फिरला. चाळीस हजार लोकांनी अंगठा दाबला. 'डोळे पाणावले,' असं शेकडोंनी लिहिलं. अकरा वर्षांत तलावाच्या वाट्याला आलेलं हे पहिलं पाणी.

पुढच्या रविवारी साठ छायाचित्रकार येऊन धडकले. प्रत्येकाला पृथ्वीवरचा शेवटचा माणूस व्हायचं होतं, म्हणून बाईंना टोकनं वाटावी लागली.

"शेवटचा माणूस, क्रमांक सदतीस, पुढे या! अडतीसनं मास्क चढवून तयार राहा!"

"अहो, यांच्या आधी मी शेवटचा होतो!"

"भांडू नका. सगळ्यांना शेवटचं व्हायला मिळेल."

इतका बोभाटा झाल्यावर पालिकेच्या जलतरण अधिकाऱ्यांना आपल्या ताब्यात एक तलाव असल्याचं कळलं आणि ते पाहायला आले. बाईंना वाटलं, आता साहेबांना लाज वाटेल, आता पाणी येईल. साहेबांना अभिमान वाटला. त्यांनी तिथल्या तिथं तलावाला 'अधिकृत विस्मृत स्थळ' असा दर्जा दिला आणि सात चौकांत बाणाच्या पाट्या लावल्या: विस्मृत स्थळाकडे. निखळलेल्या फरश्यांना क्रमांक पडले. गंज पुसण्यास मनाई झाली. छताखाली झाड नसल्यामुळे दर मंगळवारी उद्यान विभागाकडून दोन टोपल्या वाळका पाला मागवून, मंजूर नकाशाप्रमाणे पसरण्याचं ठरलं. बुडणाऱ्याला ओढून घ्यायचा लांब बांबू भिंतीला बांधून त्यावर लाखेचं सील ठोकण्यात आलं: अवशेष, हात लावू नये.

बाईंनी पाचशे त्र्याहत्तरावा अर्ज पुढे केला.

"पाणी?" साहेब दचकले. "बाई, आत्ता कुठे तलाव रंगात आलाय!"

बाईंना रडू फुटलं. फोटोवाल्यांसाठी चढवलेला मास्क तोंडावर होता, म्हणून कुणाला दिसलं नाही.

पालिकेनं मग जगाच्या अंताची छायाचित्र स्पर्धा जाहीर केली. परीक्षक अर्थात दातांचे डॉक्टर. त्यांनी सुचवलं की उद्ध्वस्त छताचं प्रतिबिंब पडायला तळाशी चार बोटं पाणी असावं. तो अर्ज दुपारी गेला आणि संध्याकाळी मंजूर झाला; सोबत फोटो जोडलेला होता ना! स्पर्धेच्या पहाटे चौघांनी लोंबकळून नळाचं चाक फिरवलं. अकरा वर्षं गंजलेलं चाक फिरलं ते फिरलं, परत फिरेना. दहा वाजता साठ स्पर्धक आले तेव्हा तलाव काठोकाठ भरला होता.

काठावर सासूबाई रबरी टोपी घालून उभ्या होत्या.

"सूनबाई, उतरू?"

बाईंनी नियमावली चाळली. सभासदाला पोहण्यास मनाई असल्याचं कुठंही आढळलं नाही. त्यांनी शिट्टी तोंडात घेतली आणि लांब, खणखणीत वाजवली.

सासूबाईंनी उडी मारली. क्षणभर नुसते बुडबुडे. मग टोपी वर आली, मग हात, आणि बाकावरची अकरा वर्षं सपासप पाणी कापत निघाली.

"गार आहे गं! अगं, केवढं गार आहे!"

"आजी, बाहेर व्हा!" साठ कॅमेऱ्यांमागून ओरडा झाला. "फ्रेममध्ये येताय! जग संपलंय!"

"तुमचं संपलं असेल, मेल्यांनो! माझं आत्ताच भिजलंय!"

आजी वगळून चौकट कशी बसवायची, हे दाखवायला परीक्षक स्वतः ओव्हरकोट आणि मास्क चढवून काठावर उभे राहिले. अजून थोडं मागे, अजून थोडं, असं स्वतःलाच सांगत मागे सरकले आणि धप्पकन खोल पाण्यात गेले. कोटानं पाणी पिऊन त्यांना तळाकडे नेलं. एक हातमोजा तेवढा वर वळवळत राहिला.

"वा! काय अभिनय!"

"सर, हात तसाच ठेवा!"

बाई बांबूकडे धावल्या. साहेब आडवे आले.

"अवशेषाला हात लावायचा नाही!"

"साहेब, माणूस बुडतोय!"

"लेखी द्या."

बाईंनी खुर्चीवर चढून थेट सूर मारला. पलीकडून सासूबाई आल्या. एकीनं कॉलर धरली, दुसरीनं केस, आणि दोघींनी डॉक्टरांना पायऱ्यांवर ओढून त्यांच्या पोटातलं अर्धी बादली पाणी बाहेर काढलं. या सगळ्यात साठ कॅमेऱ्यांचा कडकडाट सुरू होता.

पहिलं बक्षीस पाण्याबाहेर आलेल्या त्या एकट्या हाताच्या फोटोला मिळालं. डावीकडची रबरी टोपी आणि उजवीकडचा बाईंचा खांदा त्यातून कापून टाकला होता, कारण वाचवणारं कुणी दिसलं की भकासपणा कमी होतो. दवाखान्यात खाटेवर पडल्यापडल्या परीक्षकांनी अभिप्राय दिला: हाताची धडपड बऱ्यापैकी खरी वाटते.

माणूस बुडता बुडता वाचल्यामुळे पाणी धोकादायक ठरलं आणि उपसण्यात आलं. नवी पाटी लागली, दोन दिवसांची. सासूबाईंना एकूण चौदा मिनिटं मिळाली. आता त्या बाकावर पालथ्या पडून डोळे मिटतात आणि आठवणीतल्या पाण्यात हात मारतात. बाईंनी रेकॉर्ड मात्र टिकवलं.

आता फक्त घटनेचा अहवाल पुरा व्हायचा आहे. त्यात एक रकाना आहे: बुडताना पाहणाऱ्यांची नावं. काठावरच्या साठ जणांची बाईंनी लिहिली, साहेबांचंही लिहिलं. पण तो हाताचा फोटो तुमच्याही फोनवर आला होता. तुम्ही अंगठा दाबलात, 'काय जिवंत फोटो आहे!' असं लिहिलंत आणि पुढे सरकलात. हात कुणाचा, तो वर आला की नाही, हे काही विचारलं नाहीत. बाईंनी अहवालाला पुरवणी कागद जोडले आहेत आणि पेन उघडून त्या खुर्चीवर बसल्या आहेत.

नाव सांगता ना?