काचेतला फोटो

झडतीची पावती मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. चंदीगडच्या त्या दहशतवादाच्या वाईट दिवसांत चौकाचौकात वाळूची पोती रचून जवान उभे असायचे. आपण गुपचूप पिशवी उघडून दाखवायची आणि सुटायचं. आमच्या वरच्या क्वार्टरमधले खोडके भाऊजी मात्र बंदुकीसमोर उभं राहून म्हणाले, "झडती घेतली ना? मग तसं लिहून द्या." जवानानं बिचाऱ्यानं हातच जोडले. "बाबूजी, घर जाइए."

घरी तरी कोण होतं म्हणा! बसमधून उतरवून माणसं मारल्याच्या बातम्या यायला लागल्या, तशी बदलीवर आलेल्या कितीतरी जणांनी बायकामुलं गावी पाठवली. मी मेली हट्टी, राहिले. भाऊजींची बायको मंदाताई आणि चार वर्षांची लेक पिंकी अकोल्याला गेल्या, 'थोडे दिवस' म्हणून. त्याला दोन वर्षं झाली होती.

तेव्हापासून भाऊजींनी कायद्याशीच संसार मांडला. ग्राहकांचा कायदा तेव्हा नवा नवा आला होता. बल्ब लवकर गेला, कर तक्रार. काडेपेटीत काड्या कमी भरल्या, कर तक्रार. "कायदा काय म्हणते, वहिनी?" हे त्यांचं पालुपद. मी म्हणायचे, "कायदा म्हणतोय, गरम आहेत तोवर पोहे खा." सुनावणीची तारीख असली की लग्नाला निघाल्यासारखे कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. मी चिडवलं तर म्हणाले, "तिथं माझं पूर्ण नाव घेऊन पुकारतात हो."

तिथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही नाटक बसवलं, तर लेखकाची लेखी परवानगी आल्याशिवाय पडदा उघडू देणार नाही म्हणून हे अडून बसले. पत्र गेलं. 'जरूर करा' असं अगदी प्रेमाचं उत्तरही आलं, विसर्जनानंतर आठ दिवसांनी! मी नायिका होते. अजून राग येतो.

म्हणूनच सेक्टर बावीसमध्ये लोकर आणायला गेले आणि एका फोटो स्टुडिओच्या काचेत मंदाताई-पिंकीचा हा मोठा फोटो दिसला, तेव्हा मला आनंदच झाला. आता बघा मजा! गावी पाठवण्याआधी भाऊजींनीच तो तिथं काढून घेतला होता. मी बातमी दिली तशी ते गोरेमोरे झाले. "पैसे देऊन काढून घेतलेला फोटो आपला असते, वहिनी. न विचारता लावला कसा?" दुसऱ्याच दिवशी तीन प्रतींत नोटीस तयार. तमाशा बघायला मीही सोबत गेले.

काचेसमोर ते थांबले ते थांबलेच. शेजारी भाजीची पिशवी घेतलेली एक पंजाबी बाई उभी होती. "हाय, किन्नी सोहणी कुडी! किसदी है जी?" किती गोड पोरगी, कोणाची, म्हणून ती विचारत होती.

दारात उभ्या स्टुडिओवाल्या सरदारजींनी भाऊजींना ओळखलं. "इन्हां दी," यांची, म्हणत त्यांनी भाऊजींकडे बोट दाखवलं.

"नज़र ना लगे," बाई भाऊजींकडे बघून हसली आणि गेली.

तेवढ्यात सरदारजींना भाऊजींच्या हातातला तो नोटिशीचा कागद दिसला. भाऊजींची कीर्ती बाजारभर होतीच. "गलती हो गई, साबजी, अभी उतारता हूं," म्हणत त्यांनी काचेमागं हात घातला.

"हात नका लावू!" भाऊजी मराठीतच ओरडले.

मला काही कळेना. "अहो, घरी नाही का हा फोटो?"

"आहे ना, भिंतीवर आहे. पण तिथं मी एकटाच पाहतो, वहिनी. दोन वर्षांत कोणी विचारलंच नाही मले, की ही पोरगी कोणाची म्हणून." मग हळूच म्हणाले, "मंदाचं पत्र आलं. पिंकीचं नाव तिकडंच पहिलीत घातलं. आता इकडं येत नाही म्हणते. बरोबरच आहे तिचं."

मला रडूच कोसळलं. तमाशा बघायला आले होते मी, माझीच मला लाज वाटली.

भाऊजींनी काउंटरवर नोटीस उलटी ठेवली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, की सदर फोटो याच काचेत लावून ठेवावा, आमची हरकत नाही. सही केली. सरदारजींचीही घेतली.

"कब तक रखूं, साबजी?" सरदारजींनी विचारलं.

मुदत न घातलेला कागद या माणसानं एरवी हातात धरला नसता. सहीखाली 'मुदत' असं लिहून त्यांनी पुढं पेन टेकवलं. मग ती जागा तशीच रिकामी ठेवून त्यांनी कागद सरदारजींच्या हातात दिला.