पेशकारांची राखण

आमचे पेशकार रंगनाथराव पाखरांना उर्दूतून हाकलत. राखणीच्या उंच माच्यावर उभं राहायचं, शेरवानीची वरची गुंडी लावायची, घसा साफ करायचा आणि हरभऱ्यात उतरलेल्या करकोच्यांना म्हणायचं, "तशरीफ ले जाइए." करकोचे मान वर करून ऐकून घेत आणि पुन्हा घाटे फोडायला लागत. तहसिलीत तीस वर्षं याच आवाजात पुकारा करून माणसं जागची हलली नव्हती, तिथं पाखरं काय हलणार.

त्यांना राखणीला मीच बसवलं, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. मालक गेल्यापासून धारूरच्या तळ्याकाठचं रान मीच बघते. माघ सरत आला की घाटे भरतात आणि करकोचे सकाळी तळ्यातून उठून थेट माझ्या रानात येतात. त्यातही बाभळीखालचा कोपरा त्यांच्या विशेष आवडीचा. तिथली माती सगळ्यांत काळी, घाटे सगळ्यांत टपोरे. पाखरांना जमिनीची पारख असते.

त्या वर्षी मी गोफणवाला ठरवला. बातमी कळताच पेशकार ओसरीवर हजर. नुकतीच पेन्शन झालेली, तेव्हा दुसरं काम नव्हतं.

"गोफण कावून वैनी? दगूड लागला तर तंगडी मोडती. आन् ह्यांच्यात जोडीदाराला सोडून जायची रीत न्हाई. एकाला लागला की दोन जातेत."

"एका घाट्यात दोन दाणे असतेत, पेशकार. तेबी जोडीनंच जातेत."

त्यांनी शेरवानीची वरची गुंडी लावली. मग म्हणाले, "राखण म्या करतो. निम्मं रान गेलं तर खुशाल गोफण लावा. जबान देतो."

फुकटचा राखणदार कोण सोडतो? मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते सूर्य उगवायच्या आत तळ्याच्या बांधावर. शेरवानीच्या डाव्या खिशात मूठभर चिंचोके. एक पाखरू दिसलं की एक चिंचोका उजव्या खिशात. मग माच्यावर चढून वहीत हजेरी. करकोच्यांच्या कानामागं पांढरी पिसं असतात, बोरू खोचल्यासारखी. त्यावरून पेशकारांनी सगळ्या थव्याला कचेरीत भरती करून टाकलं होतं.

"त्यो जाडा बघा, शिरस्तेदार. लंगडा आज उशिरा हाजिर झाला. चालायचंच, तब्येत बरी न्हाई त्याची."

"आणि माझ्या हरभऱ्याची तब्येत?"

"ती लई झ्याक हाय वैनी. म्हणून तर खातेत."

मग त्यांना राखणीची युक्ती सुचली. पाखरं आधीच पोटभर जेवली तर रानात कशाला येतील, म्हणून त्यांनी घरची ज्वारी आणून बांधावर पसरली. करकोच्यांनी ज्वारी खाल्ली आणि वर तोंडी लावायला हरभरा. शिवाय अशी बातमी लपत नाही. सदतिसाचे चार दिवसांत शहात्तर झाले.

"नवे बदलीवर आलेत," पेशकार खुशीत म्हणाले.

मी रानातून एक फेरी मारली. निम्म्याच्या वर झाडं घाट्यांवाचून रिकामी उभी होती.

"उद्या गोफणवाला येईल," मी म्हणाले. "जबान तुमचीच होती."

त्यांनी वही मिटली. "व्हय. माझीच होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोफणवाल्याला घेऊन मी रानात गेले. तळं रिकामं. रानात एक पाखरू नव्हतं. मान वर केली तर पार उंचावर एक लांब रेघ उत्तरेकडं सरकत होती. मला न विचारता आले होते, तसेच गेले.

माच्यावर पेशकार नव्हते. ते बाभळीखाली बसले होते. खिशातले चिंचोके एकेक करून मातीवर मांडत होते आणि हळू बोलत होते.

"औंदा शहात्तर झाल्ते. लंगडाबी गेला. मागं कुणी न्हाई राहिलं."

मी तिथंच थांबले. पलेगच्या साली सगळा गाव घरं सोडून ह्याच रानात झोपड्या टाकून राहिला होता. बाभळीखालची झोपडी पेशकारांची, शेजारची आमची. त्यांची बायको तापानं पडली होती. पाखरांचा आवाज ऐकू यायचा, उठवत नव्हतं. रोज सकाळी ती नवऱ्याच्या हातात मूठभर चिंचोके द्यायची, म्हणायची, मोजून या अन् मला सांगा. एका सकाळी करकोचे उठले. शेवटचं पाखरू दिसेनासं होईपर्यंत पेशकार बांधावर उभे राहिले. ते आकडा घेऊन आले, तोवर तिचे डोळे मी मिटले होते.

"बाई," गोफणवाला म्हणाला, "आता दगूड कुणाला मारू?"

"घरी जा," मी म्हणाले. "अन् हळू बोल."

पुढच्या सालापासून त्या कोपऱ्यात मी काही पेरत नाही. कुणी विचारलं तर सांगते, तिथली जमीन हलकी आहे.