संध्याकाळचा ताप

हरेशच्या पिकअपच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तो सोमवारी सकाळी, ऐन गोडाऊनला निघायच्या वेळेला. इंजिनाच्या आकाराचा, बोटाच्या पेराएवढा दिवा. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. हरेश मात्र स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून त्या दिव्याकडे बघत बसला. सहा वर्षं ही गाडी मुकाट्याने ओझी वाहत आली आणि आज पहिल्यांदाच आपल्याशी काहीतरी बोलतेय, या विचाराने त्याला गहिवरून आलं.

त्याची बायको भावना जेवणाचा डबा घेऊन बाहेर आली.

"अजून निघाले न्हाय तुमी?"

"दिवा लागलाय."

"मग दौलतला दाखवा. अंबाडीला जायचंच हाय."

दौलत म्हणजे अंबाडी नाक्यावरचा मेकॅनिक. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून तो गाडीचं दुखणं ऐकायचा. वाडा गावाला जाणाऱ्या अख्ख्या रस्त्यावर त्याचं नाव होतं, पण हरेशच्या मनात वेगळंच काही उमलायला लागलं होतं.

"दौलतचे दिवस गेले आता," तो म्हणाला. "स्कॅनर येतो. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिथं लावला की गाडीला काय होतंय ते लिहून दाखवतो. घरचा डॉक्टर. नीट बघून, पारखून मशीन घेतो. तोवर चावीला हात लावणार न्हाय."

त्याने चावी दाराच्या खिळ्याला अडकवली, गाडीवर निळी ताडपत्री ओढली आणि मोबाईल घेऊन ओट्यावर आडवा झाला. स्कॅनरचे व्हिडिओ सुरू झाले. रंगीत आलेख कामवारी नदीच्या पाण्यासारखे हलत होते, आणि त्या पाण्यात हरेश हळूहळू बुडत चालला होता. भावना दारातून काहीतरी बोलली. तो "हं" म्हणाला.

हरेश आळशी होता असं कुणी म्हणू नये. तो निवड करायचा, आणि निवड करायला वेळ लागतो एवढंच. मागे घरात पंखा घ्यायचा होता तेव्हा तो चैत्रात दुकानं बघायला लागला आणि पंखा आला तेव्हा लोक गोधड्या वाळवत होते. या खेपेला मात्र इतका वेळ घालवून चालणार नव्हतं. शेलारजवळच्या गोडाऊनमधून बिस्किटांची आणि साबणाची खोकी भरायची आणि अंबाडीपर्यंतच्या दुकानांना पोचवायची, हा रोजचा फेरा होता आणि त्याच फेऱ्यावर घर चालायचं. गोडाऊनचा सुपरवायझर केसरीनाथ मोठा कडक माणूस. तीन दिवस गाडी लागली नाही की चौथ्या दिवशी फेरा दुसऱ्याचा. फाटकाबाहेर पिकअपवाले टपून बसलेलेच असत.

हे हरेशला ठाऊक होतं, पण कळतं तेवढं वळलं असतं तर तो हरेश कसला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो जेवून मागच्या दाराशी लावलेल्या स्कूटरवरून निजामपुऱ्यात गेला. गल्लीत दोन्ही बाजूंनी कापडाच्या लूमची खटखट चालू होती आणि तिच्या मधोमध शमीमभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. शमीमभाईंनी काडेपेटीएवढी एक डबी काऊंटरवर ठेवली.

"ये लगाओ, मोबाईल से जोडो, कोड पढो. पिवळ्या दिव्याला इतनाही काफी है."

हरेशने ती डबी तळहातावर घेऊन उलटीसुलटी केली. इतक्या दिवसांनी गाडी बोलली, आणि तिचं बोलणं ऐकायचं ते या एवढ्याशा कानाने? "जरा विचार करून सांगतो," तो म्हणाला. मग तो कल्याण नाक्याला गेला, तिथून धामणकर नाक्याला, आणि दुकानादुकानांतून मशीनं हाताळत संध्याकाळी सहाला घरी आला. अंगणात ताडपत्रीखाली गाडी उभी होती. मायेने त्याने ताडपत्रीत हात घातला आणि बॉनेटवर ठेवला.

बॉनेट गरम होतं.

"भावना," तो आत येत म्हणाला, "गाडीला ताप हाय."

भावना वाल सोलत होती. तिने वर बघितलं आणि हसली. "असंल," ती म्हणाली. "दमली असंल."

बायकोला गाडीबद्दल इतकी माया आहे हे बघून हरेशला फार बरं वाटलं. त्याने वही काढली आणि लिहिलं : लक्षण एक, बंद गाडीला संध्याकाळचा ताप. पौषातल्या उन्हाने पत्रा इतका तापेल का, अशी शंका त्याला आली होती. पण शंकेपेक्षा ताप जास्त सुंदर होता. तो लक्षण म्हणून वहीत राहिला.

ताप रोज येऊ लागला. सहाला बॉनेट गरम आणि झोपायच्या वेळेला गार. कोंबड्यांनाही त्याचा सुगावा लागला असावा, कारण दिवेलागणीला त्या ताडपत्रीवर चढून बॉनेटच्या जागी अंग चोरून बसायला लागल्या. चौथ्या दिवशी हरेशने वही शमीमभाईंपुढे ठेवली.

"बंद गाडी का बॉनेट गरम?" शमीमभाईंनी चष्मा पुसला. "पक्का बंद है?"

"चावी खिळ्याला हाय, भाईजान."

"फिर तो वायरिंग का मामला है. छोटी डबी से नहीं होगा. हातातला मशीन घ्यावा लागेल, स्क्रीनवाला."

हातातल्या मशीनचे सात प्रकार होते. हरेशने आठवडा त्यांत घालवला. त्या आठवड्यात त्याला दुसरं लक्षण सापडलं. गाडीचं पुढचं चाक कढीपत्त्याच्या झाडापासून हातभर होतं, ते एके दिवशी दोन हात निघालं. हरेशने चाकामागे दगड लावला. दुसऱ्या संध्याकाळी दगड चाकापुढे होता. गाडी स्वतःहून सरकते आणि दगड ओलांडते, ही गोष्ट त्याने बराच वेळ मनात घोळवली. त्याला भीती नाही वाटली, उलट गाडीला कुठेतरी जायची ओढ लागलीय असं वाटून त्याचं काळीज हललं. वहीत मात्र त्याने हँडब्रेक असं लिहिलं.

ब्रेकचं दुखणं वाचणारं मशीन आणखी मोठं असतं. ते दाखवताना शमीमभाईंचा आवाज आपोआप खाली आला. "ये टॅबलेटवाला है. पेटीत येतो. पण मियाँ, इतका बीमार गाडी हमने देखा नहीं."

"अजून एक हाय," हरेश कचरत म्हणाला. "हौद्यात साबणाचा वास येतो. महिनाभर माल न्हाय भरला, तरी ताजा वास."

शमीमभाईंनी पेटीचं झाकण हळूच लावलं. "खुशबू का सेन्सर अभी निकला नहीं," ते म्हणाले.

मधे एकदा हरेशला दचकून फेऱ्याची आठवण झाली होती. तीन दिवस कधीच होऊन गेले होते आणि केसरीनाथला फोनसुद्धा केला नव्हता. घाम पुसत त्याने नंबर लावला.

"दादा, मालाचं अडलं न्हाय ना?"

"माल कशाला अडतो?" केसरीनाथ म्हणाला. "टायमावर चाललाय. तू निवांत रहा."

कडक माणसाच्या पोटात किती दया असते, असं म्हणून हरेश दिवसभर हळवा होऊन फिरला. आपली जागा त्याने राखून ठेवलीय, तेव्हा आता निवडीत घाई करणं म्हणजे त्याच्या दयेचा अपमान, असंही त्याला वाटलं. शेजारच्या चिंधूकाकांनी एकदा त्याला अडवून विचारलं, "काल अंबाडीला तुझी गाडी दिसली. काय भरलं होतं?" हरेशने प्रेमाने त्यांचा हात धरला. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. "काका, पांढऱ्या पिकअप शंभर हायेत," तो म्हणाला, "माझी आजारी हाय." काकांनी दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं.

घरात डाळ-तांदूळ येत होते, बुधवारी सुकट आणि रविवारी ताजी मासळी येत होती. ते कुठून येतं असा प्रश्न हरेशला पडला नाही, कारण असे प्रश्न जागेपणी पडतात. पेटीतल्या मशीनची किंमत त्याने चाचरत सांगितली तेव्हा भावनाने बोटांवर काहीतरी मोजलं. नाकापेक्षा मोती जड होता. पण त्याच्या डोळ्यांत बघून तिने डब्यातून पैसे काढून दिले. "घ्या एकदाचं," ती म्हणाली. "पाच आठवडे झाले. निदान जिवाला चैन पडंल."

पेटी घरी आली तो रविवार होता. हरेशने आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. ताडपत्री काढून तो गाडीत बसला, स्टिअरिंगखालच्या खाचेत वायर लावली आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा चावी फिरवली. इंजिन एका दमात चालू झालं. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले आणि विझले, आणि त्यांच्याबरोबर तो पिवळा दिवाही विझला.

"भावना," त्याने हाक मारली, "मशीन नुसतं लावलं आणि दिवा गेला."

"बरं झालं," भावना चुलीपाशी बसूनच म्हणाली.

मशीनच्या स्क्रीनवर अक्षरं उमटायला लागली. हरेश श्वास रोखून वाचत गेला. इंजिन, दोष नाही. ब्रेक, दोष नाही. वायरिंग ठीक. ताप, सरकणं, सुगंध, कशाचीच खूण नव्हती. आपल्याशी बोलायला आलेली गाडी ऐनवेळी गप्प झाली म्हणून तो हिरमुसला. तेवढ्यात खाली आणखी एक ओळ आली. मागचा दोष पुसल्यापासून चाललेलं अंतर, नऊशे सत्त्याऐंशी किलोमीटर.

त्याने ओळ तीनदा वाचली आणि शमीमभाईंना फोन लावला.

"भाईजान, मशीन खराब दिलं तुमी. उभी गाडी हजार किलोमीटर चालली म्हणतंय."

"मशीन गलत नहीं बोलता, मियाँ. किसी ने कोड मिटाया है, फिर गाडी चली है." शमीमभाईंनी घसा खाकरला. "घर में और कौन कौन है?"

हरेशने फोन खाली ठेवला. बॉनेटचा ताप, सरकलेलं चाक, दगड, साबण, काकांचा डोळा, सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तो उतरून चुलीपाशी गेला.

"भावना, गाडी कोण चालवतं?"

भावनाने कालथा हातातच ठेवून त्याच्याकडे आश्चर्याने बघितलं. "म्हणजे? मीच. दुसरं कोण?"

"कधीपासून?"

"पयल्याच दिवसापासून. तुमी ओट्यावर होते. मी दारातून म्हणाले, दौलतकडून दिवा बघून घेते आणि फेरा पण मारून येते. तुमी हं म्हणाले." तिने भाजी हलवली. "उंदराने वायर कुरतडली होती. दौलतने जोडली, त्याच्याकडच्या छोट्या मशीनने दिवा पुसला. दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे विचारते, जाऊ का गाडी घेऊन. रोज तुमी अंथरुणातून हं म्हणता."

"आणि मी ताप हाय म्हणालो तेव्हा?"

"मला वाटलं, गंमत करता. मी दमून आलेली असायचे ना. बरं वाटायचं."

हरेश पाटावर बसला. तिला गाडी शिकायला त्यानेच एका उत्साहाच्या भरात पाठवलं होतं, लायसन आलं तेव्हा पेढेही वाटले होते आणि मग विसरून गेला होता. आता त्याला लाज वाटली. महिनाभर आपण गाडीचं बोलणं ऐकायला मशीन शोधत फिरलो आणि घरातलं माणूस रोज समोर उभं राहून बोलत होतं. पण त्याहीपेक्षा आत कुठेतरी खुपत होतं ते वेगळंच. आपल्यावाचून फेरा अडला नव्हता. ते काही त्याला सहन होईना.

"उद्यापासून मी जातो," तो म्हणाला आणि लगेच केसरीनाथला फोन लावला. "दादा, गाडी बरी झाली. उद्या मी ड्युटीवर हाय."

"तू कशाला?" केसरीनाथ म्हणाला. "वहिनी टायमावर येतात की. सहाला गाडी फाटकात. तू यायचास साडेसातला, वाटेत पुलावर बगळे बघत. आमची दुकानदार मंडळी खूश हायेत. उगीच चालती गाडी बिघडवू नको."

फोन बंद झाल्यावरही हरेशने तो कानाला तसाच धरून ठेवला. भावनाने त्याच्यापुढे भाकरी वाढली.

"भावना," तो अखेर म्हणाला, "उद्या मी आलो बरोबर, तर चालंल?"

"सकाळी साडेपाचला निघते मी."

यावर हं म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. पण तो थांबला. "साडेपाचला तयार राहतो," तो म्हणाला, आणि खरोखरच राहिला.

सोमवारी शेलारच्या रस्त्यावर धुकं होतं. गोडाऊनचे लांबच लांब पत्रे त्यात तरंगत होते, आणि हरेश डाव्या बाजूच्या सीटवर मांडीवर मशीन घेऊन बसला होता. स्क्रीनवर रंगीत रेषा संथ हलत होत्या. भावनाने गिअर बदलला की एक रेष अलगद वर जायची आणि पुन्हा खाली यायची. ती इतकं सुरेख चालवते हे त्याने पहिल्यांदाच बघितलं, खरं म्हणजे आधी रेषेत बघितलं आणि मग तिच्याकडे. त्याला खूप छान वाटलं. हे असंच अंबाडीपर्यंत, वाड्यापर्यंत, त्याच्याही पुढे जात राहावं असं वाटलं.

गाडी गोडाऊनच्या फाटकात थांबली.

"काय म्हणतंय मशीन?" भावनाने विचारलं.

"सगळं बरं हाय म्हणतंय."

"मग ते ठेवा तिकडं आणि उतरा खाली. मागं खांब हाय, मला रिव्हर्स घ्यायचाय."

हरेश उतरला. धुक्यात गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, खांबाकडे एकदा नीट बघून घेतलं आणि पत्र्यावर हात थापटत म्हणाला, "येऊ दे… येऊ दे… अजून येऊ दे."