पाठमोरा नाताळबाबा

नाताळबाबाला तोंडच नव्हतं, आणि रॉजरबाईंच्या ते पहिल्याच नजरेत लक्षात आलं.

"खुर्शिदबाई, ये किधर जाता है?" चष्मा सावरत त्यांनी नॅपकिन उजेडाला धरला. लाल डगला, लाल टोपी, खांद्यावर पोतं आणि बुटांच्या टाचा. म्हातारा निघालेला होता.

"घरला जातोय, बाई," खुर्शिद म्हणाली.

"अरे, नाताळबाबा आता है! जाता नहीं!"

दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन मडमा नाताळच्या आधी हॉलमध्ये हाताच्या वस्तूंची विक्री भरवत. रॉजरबाई त्यांच्यातल्या पुढारी. भरतकामाचं काम खुर्शिदला देताना त्यांनी बजावलं होतं, "कुछ मजेदार बनाव. बच्चा लोग हसना चाहिए." खरं म्हणजे कॉलनीत हसायला पोरं उरली नव्हती. मोठी होऊन ती इंग्लंडला नाही तर ऑस्ट्रेलियाला निघून गेली होती. पण हे मडमांना कोण सांगणार?

खुर्शिदला चार पैसे हवे होते हे खरंच. पण त्याहून जास्त हवी होती सगुणा. नवरा अल्लाला प्यारा झालेला, एकुलता एक अयुब तिकडे खरगपूरला रेल्वेच्या कारखान्यात. घरात बोलायला एक मांजर होतं आणि तेही दूध मिळेपर्यंतच ऐकून घ्यायचं. काम असलं की वस्तीवरची सगुणाबाई रोज दुपारी टाके घालायला यायची आणि घराला घरपण यायचं. काम नसलं की ती भांडगावला भावाच्या रानात कांदे लावायला निघून जायची. मग खुर्शिद दुपारभर दारात बसून कुणाचीही वाट बघायची. यंदाची नक्षी मडमांना पसंत पडली तर वर्षभर काम मिळणार होतं. नाही पडली तर सगुणाचं गाठोडं बांधलेलंच होतं.

आता तोंड का नाही, तर खुर्शिदच्या सासूने सुई हातात देतानाच दम भरला होता, "जिवंत जिनसाला तोंड न्हाई काढायचं. काढलंस, तर कयामतीला अल्ला म्हणंल, आता ह्यात जीव घाल. मग काय करशील?" त्यावर खुर्शिदला उत्तर सुचलं नव्हतं. जन्मभर तिने वेलबुट्ट्या काढल्या आणि वेलबुट्टीला तोंड नसल्यामुळे सगळं सुरळीत चाललं. नाताळात मात्र सगळाच तोंडांचा मामला. तेव्हा तिने नाताळबाबाला पाठमोरा केला, देवदूतांच्या नुसत्या वेण्या काढल्या आणि गाडी ओढणाऱ्या हरणांची शेपटं.

सगुणाला यात काही वावगं वाटलं नाही. ती धनगराची. पोरवयात मेंढरांमागं हिंडलेली, आणि मागं हिंडणाऱ्याला मेंढराचं तोंड कितीसं दिसणार? येशूच्या गोठ्याभोवतीची मेंढरं तिने मोठ्या हौसेने भरली होती. सगळी पाठमोरी.

"समदं बराबर तर हाय," ती म्हणाली. "मेंढरू वळखायचं ते ढुंगणावरनंच. तोंडं काय, समद्यांची सारखीच."

पण रॉजरबाई ऐकायला तयार नव्हत्या. "घुमाव! सबको घुमाव!" असं म्हणून त्यांनी कोरं कापड हातात दिलं.

खुर्शिदने युक्ती केली. नाताळबाबाला वळवलं, पण त्याचं डोकं पोत्यात खुपसलं. जणू खेळणी शोधतोय. हरणांची तोंडं कडब्यात घातली. देवदूतांनी लपाछपी खेळताना दोन्ही हातांनी तोंडं झाकून घेतली. खुर्शिदला स्वतःलाच हसू आलं. रॉजरबाईंना मात्र आलं नाही.

"ये सब रोता क्यों है?" त्यांनी विचारलं.

 घरी परतल्यावर सगुणा म्हणाली, "भाबी, तुमी न्हाई काढायचं तर नका काढू. मी काढते. आमच्या बिरोबाला डोळं चालत्यात. चांगलं चांदीचं बसवल्यात."

"जमंल तुला?"

"न जमायला काय झालं?"

झालं असं, की सगुणाने आयुष्यात एकच म्हातारा नीट निरखला होता, तो म्हणजे तिचा सासरा तात्याबा. नाताळबाबाला झुपकेदार काळ्या मिशा आल्या आणि डोळे असे वटारलेले, की पोतं त्याने कुणाच्या तरी घरातून उचललं असावं. हात बसला म्हणून देवदूतांनाही तीच तोंडं मिळाली. मिशांसकट.

"डाकू!" रॉजरबाई ओरडल्या.

ते टाके उसवता उसवता कापडाला भोकं पडली. नवं कापड नाही, दिवस उरलेले नाहीत. धड उरले होते ते पहिलेच, पाठमोरे नॅपकिन. विक्रीच्या सकाळी रॉजरबाईंनी कपाळाला हात लावून तेच उचलून नेले. सगुणाने खरंच गाठोडं बांधलं. खुर्शिद तिला थांब म्हणाली नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार? तिने चहा टाकला आणि तो दोघींनी प्यायला.

संध्याकाळी दारात गलका झाला. सात-आठ मडमा आणि पुढे रॉजरबाई.

"भाबी, भांडायला आल्या वाटतं," सगुणा कुजबुजली.

भांडत होत्याच, पण आपापसांत. एकीने नॅपकिन छातीशी धरला होता. "ये मेरा डेनिस है! ऐसाच गया स्टेशन पे. पीछे देखा भी नहीं!"

"झूट! ये मेरा रॉनी!" दुसरी तो ओढत होती.

रॉजरबाईंनी तर निम्मे नॅपकिन विक्रीला मांडलेच नव्हते. त्यांची चारही मुलं परदेशी गेलेली. त्यांनी खुर्शिदचा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "सबका अलग अलग बनाव. मेरा फ्रेडी थोडा झुकके चलता था."

सगुणाचं गाठोडं सुटलं. अडचण एकच होती: मडमांकडे पोरांचे फोटो ढीगभर, पण पाठीचा फोटो कोण काढतो? मग मडमा रोज येऊन बसू लागल्या. पोरगा कसा चालायचा ते अंगणात चालून दाखवायच्या, मध्येच रडायच्या, मग चहा प्यायच्या. मांजर गर्दीला वैतागून शेजारी राहायला गेलं.

"ह्या समद्यांचीच मेंढरं चुकल्यात म्हणा की," सगुणा सुस्कारा टाकून म्हणाली.

एका दुपारी मडमा गेल्यावर खुर्शिद कोपऱ्यात एकटीच काहीतरी भरत बसली. सगुणाने विचारलं, "अयुबची पाठ काढताय व्हय?"

"पाठ कशाला? ती डोळं मिटलं तरी दिसती. बाकीचंच आठवंनासं व्हाया लागलंय."

सगुणा वाकून बघते तो कापडावर एक नाक होतं, जरासं वाकडं, आणि त्याच्या बाजूला एक डोळा पुरा झाला होता.

"अगं बया! भाबी, आन् वर अल्लानं इचारलं, जीव घाल म्हणून?"

खुर्शिदने दुसऱ्या डोळ्यासाठी सुईत काळा दोरा ओवला.

"इचारू दे. सांगीन, ह्यात मी एकदा जीव घातलाय की."