उद्याचा खिळा

"मला येत नाही असा प्रश्न अजून जन्माला यायचाय!" चौथी ब चे सर हे वाक्य शिक्षकखोलीत दिवसातून दोनदा तरी ऐकवत. सगळी शाळा त्यांना 'ज्ञानकोश' म्हणायची. सव्वीस वर्षांच्या नोकरीत 'मला माहीत नाही' हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

सगळी करामत फळ्याशेजारच्या एका खिळ्याची होती. अवघड प्रश्न आला की सर डोळे मिटून म्हणत, "वा! पण आज सांगितलं तर मजा जाईल. लाव खिळ्याला!" मूल प्रश्नाची चिठ्ठी खिळ्याला टोचायचं. सर ती घरी नेत, पूर्वी पुस्तकं धुंडाळत, हल्ली मुलांच्या शंका सोडवणाऱ्या शिक्षकांच्या एका ऑनलाइन समूहात तो प्रश्न टाकत आणि दुसऱ्या दिवशी उत्तर असं ठोकून देत, की जणू आईच्या पोटातूनच शिकून आलेत!

समूहात खरं नाव द्यायची सोय नव्हती. शाळेतलं कुणी तिथं निघालं तर? म्हणून सरांनी 'चौथी ब' एवढंच नाव घेतलं आणि फोटो लावला कंपासपेटीचा.

पण उत्तरं काय एकेक यायची! 'समुद्र खारट, मग नदी का नाही?' असं विचारलं, तर कुणी रंगीत चित्र काढून पाठवलं, कुणी स्वयंपाकघरात पातेलंभर पाणी आटवून दाखवलं. कोण कुठली माणसं, पण एका चिठ्ठीसाठी जीव टाकायची! आणि लिहायची किती मायेनं! 'बाळा, नीट बघ हं.'

"पन्नाशी उलटली तरी मला बाळ म्हणतात!" सर बायकोला कौतुकानं सांगत.

"म्हणू देत," ती म्हणे. "घरी कुणी म्हणणार नाहीये."

अशात मुख्याध्यापिकाबाईंनी वरच्या साहेबांना निमंत्रण दिलं, "आमचे ज्ञानकोश एकदा ऐकाच!" साहेबांना पटलं, तर इतर शाळांच्या शिक्षकांना शिकवायला सरांची नेमणूक होणार होती. सरांची छाती शर्टात मावेना!

नेमकी साहेब यायच्या आदल्या दिवशी वर्गातल्या शंकाबाईनं चिठ्ठी लावली. ही दोन वेण्यांची मुलगी, प्रश्न विचारल्याशिवाय डबाही उघडायची नाही. 'मुंगी गच्चीवरून पडली तर तिला लागतं का?'

सरांनी प्रश्न टाकला. सकाळपर्यंत एकही उत्तर नाही! त्यांनी घाईघाईनं लिहिलं, 'उत्तर दहाच्या आत हवं. आज वर्गात मोठे साहेब येणार. मला काही येत नाही हे कळलं तर सगळे हसतील!'

दहा वाजले. साहेब मागच्या बाकावर, मुख्याध्यापिकाबाई त्यांच्या शेजारी. वेळ काढायला सरांनी मुंगीचं चित्र दाखवायचं ठरवलं आणि मोबाइल प्रोजेक्टरला जोडला. भिंतीवर मुंगी आलीच नाही. आला तो सरांचाच निरोप, हातभर अक्षरांत! 'मला काही येत नाही...'

सरांनी तो घालवायला दिसेल ते बटण दाबलं. समूहाचा व्हिडिओ कॉल लागला!

"आलो रे बाळा, घाबरू नकोस!" एक चष्मेवाले गुरुजी भिंतीवर उगवले. त्यांच्यामागून एक बाई, मग दहा जण, मग शंभर. कुठं सकाळ, कुठं संध्याकाळ, एका चौकटीत तर बाहेर बर्फ पडत होता! एक बाई थेट गच्चीवरून बोलत होत्या. खाली त्यांचा अख्खा वर्ग पांढरी चादर धरून उभा.

"ही सातवी मुंगी!" त्या ओरडल्या. "पडली... आणि चालायलाही लागली!"

"हलकी असते ना," चष्मेवाल्यांनी सांगितलं, "हवाच तिला झेलते."

चौथी ब नं आ वासला. साहेब बाकावर चढून बघायला लागले. सर तर विसरलेच की आपली अब्रू भिंतीवर टांगलीय. एका मुंगीसाठी एवढी माणसं! त्यांचे डोळे भरून आले.

"पण आमचं बाळ कुठंय?" गच्चीवरच्या बाई म्हणाल्या. "अहो काका, जरा बाजूला व्हा! फोन बाळाला द्या!"

सरांनी शंकाबाईकडे पाहिलं. तिला पुढं केलं की सुटले असते! पण सकाळपासून मुंग्या सोडणाऱ्या या माणसांना फसवायचं?

"बाळ... मीच आहे," सर म्हणाले. "तीन वर्षं मीच विचारतोय. मला माहीत नाही. मला काहीच माहीत नाही!"

भिंतीवरचे शंभर चेहरे सरांना बघायला पुढं वाकले. शंकाबाई हळूच उठली.

"सर, म्हणजे एवढे सगळे सर आणि बाई मिळून तुम्ही एक होता?"

तिचे डोळे सुपाएवढे झाले होते! मागून साहेबांचा आवाज आला, "माझा एक लहानपणापासूनचा प्रश्न आहे. खिळ्याला लावू का?"

नेमणूक झाली. सर आता शाळाशाळांतून शिक्षकांना 'मला माहीत नाही' म्हणायला शिकवतात. सुरुवातीला सगळ्यांनाच फार जड जातं.

पंधरा दिवसांनी घरी पार्सल आलं. समूहानं वर्षाच्या बक्षिसासाठी निवड आधीच केली होती म्हणे, आणि बदलायची कुणाची इच्छा नव्हती. आत एक रंगपेटी आणि एक बिल्ला. 'चि. बाळ, इयत्ता चौथी ब. सर्वांत जिज्ञासू विद्यार्थी.' रंगपेटी सरांनी शंकाबाईला दिली. बिल्ला मात्र लावून ते आरशापुढं उभे राहिले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "बाळा, हात धुऊन ये, पानं वाढलीत!"