राजीनामेवाले याकोबमामा

याकोबमामा रोज संध्याकाळी राजीनामा देतात.

चुडाव्याच्या स्टेशनाबाहेर खाजाभाईंची चहाची टपरी आहे. तिथल्या बाकड्यावर मामा पाय लांब करून बसतात, गुडघे चोळतात आणि आभाळाकडं बघून म्हणतात, "साहेब, माझं आजपासून बंद. लय झालं. आता दुसरा माणूस बघा."

साहेब म्हणजे देव. खाजाभाई चहा पुढं करत विचारतात, "मंजूर हुआ क्या?"

"कळवतो म्हणालेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पुन्हा रस्त्यावर. खांद्याला पान्ह्यांची पिशवी, डोक्याला टॉवेल. कुणाचा हापसा बिघडलेला असतो, कुणाच्या म्हातारीला नांदेडच्या दवाखान्यात न्यायचं असतं, कुणाचं भांडण मिटवायचं असतं. "काय मामा, राजीनाम्याचं काय झालं?" असं विचारलं की तोंड कडू करून म्हणतात, "दुसरा माणूस मिळंना म्हणतेत. तवर मलाच ओढायचं हाय."

मामा हापशाचे मिस्त्री आणि मार्थामामी नर्स. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या चर्चनं दोघांना मिशनच्या कामावर आफ्रिकेत पाठवलं, मलावी नावाच्या देशात. ऐन उमेदीची सगळी वर्षं तिकडंच गेली. मामांनी गावोगावी हापसे बसवले, मामींनी बाळंतपणं केली. मूलबाळ झालं नाही. केस पांढरे झाल्यावर परत आले आणि आमच्या घराशेजारच्या दोन खोल्यांत राहायला लागले.

सुरुवातीला गावाला शंका होती. मिशनची माणसं म्हणजे बाटवायला आली असणार, असं पारावर बोललं जायचं. एकानं तोंडावर विचारलं तेव्हा मामा एका हापशात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आधी ह्याला पाणी येऊ द्या. मग बघू कोण कुणाला बाटवतंय." पाणी आलं. विचारणाऱ्यानंच पहिली घागर भरली आणि तो विषय तिथंच राहिला. लोक त्यांना फादर म्हणायला लागले ते मात्र त्यांना अजून चालत नाही. "फादर शिकलेला असतो. मी मिस्त्री हाय," म्हणतात.

मलावीतून दोघांनी सामान फारसं आणलं नाही. तिकडची भाषा मात्र आणली. मामा भेटेल त्याला "मुली ब्वांजी?" म्हणतात. म्हणजे, कसं काय? समोरच्यानं "न्दिली ब्विनो" म्हणायचं. म्हणजे, बरं आहे. आता अर्धा चुडावा हे म्हणतो. फक्त माझे वडील, अप्पा, आणि मामा यांच्यात हिशेब उलटा आहे. आम्ही लिंगायत. मामा दारातून येतानाच "शरणार्थ, अप्पा" म्हणतात आणि अप्पा गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "मुली ब्वांजी, याकोब?"

मामांची दुसरी खोड म्हणजे उपास. रमजानात खाजाभाईंबरोबर रोजे धरायचे, श्रावणात अप्पांबरोबर सोमवार धरायचे, आणि ईस्टरच्या आधी स्वतःचे उपास असतातच. वर कुरकुर सगळ्यांसमोर. "म्हातारपणी वर्षभर उपाशीच मरायलोय. ह्या दोस्तांनी मला जगू दिलं न्हाई."

मार्थामामी फार बोलत नाहीत. पण याला त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. "आणि सोडायला तिन्ही घरी हजर असता, ते पण सांगा की."

अशी सगळी गंमत चालली होती, आणि दोन वर्षांपूर्वी अप्पांना लकवा मारला.

उजवं अंग गेलं. बोलणं गुंतलं. भाऊ पुण्याला, आई आधीच गेलेली. मी शेजारच्या गावात प्राथमिक शाळेवर शिक्षिका आहे. पहाटे उठून अप्पांचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, भरवायचं, मग बस पकडायची, दिवसभर पोरांसमोर उभं राहायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच. थकवा येतो, जातो, असं काही राहिलं नव्हतं. तो घरातच राहायला आला होता.

मार्थामामी दुसऱ्या दिवसापासून येऊ लागल्या. काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. कुशी कशी बदलायची ते मला दाखवलं आणि दुपारची बाजू स्वतःकडं घेतली. अप्पांच्या पाठीला आजपर्यंत एक जखम झालेली नाही, ती त्यांच्यामुळं.

खरी अडचण पूजेची होती. अप्पांनी आयुष्यात कधी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा चुकवली नव्हती. लिंग डाव्या तळहातावर ठेवून करायची ती पूजा. उजवा हात गेला होता आणि डावा थरथरत होता. भस्म लावणं, बेल वाहणं मी करायचे. पण एके दिवशी हात जास्तच हलला आणि लिंग गादीवर पडलं. अप्पा रडायला लागले. तोंड वाकडं झालेलं असल्यामुळं ते रडणं बघवत नव्हतं.

मामा दारातच उभे होते. पाय धुऊन आत आले, खाटेशेजारी बसले आणि म्हणाले, "महानंदा, तू लिंग उचलून त्यांच्या हातावर ठेव. मी मनगट धरतो."

त्यांनी दोन्ही हातांनी अप्पांचं मनगट खालून धरलं. पूजा झाली. पूजा संपेपर्यंत मामांनी डोळे मिटले होते. पुढं रोज सकाळी ते त्या वेळेला यायचे. आल्या आल्या गुडघ्यांची तक्रार, पाठीची तक्रार, मग मनगट.

ही गोष्ट शिवाप्पाकाकांच्या कानावर गेली. काका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, गावातच वेगळे राहतात. ते एका सकाळी तणतणत आले.

"महानंदा, हे काय चालवलंस? पूजेला ख्रिश्चन माणूस?"

मी पोळी लाटत होते. भांडायचं बळ नव्हतं. मामाच बोलले.

"काका, मी लिंगाला हात लावत न्हाई. मी मनगट धरायलोय. मनगट माझ्या दोस्ताचं हाय."

"तरी पण रीत म्हणून काही आहे का न्हाई?"

मामी गरम पाण्याची बादली घेऊन आत येत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "खरं हाय, काका. रीत तुमच्याच घरची. उद्यापासून तुमीच या. ह्यांचे पण गुडघे दुखतेत."

काका आले. दोन दिवस आले. तिसऱ्या दिवशी त्यांना शेतावर जायचं होतं, चौथ्या दिवशी पाव्हणे होते. पाचव्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला की याकोबला सांगा, हात स्वच्छ धुऊन बस म्हणावं. मामा म्हणाले, "माझी सुटी संपली वाटतं."

गेल्या वर्षी मलावीत मोठं वादळ झालं. नदी गावांत घुसली, माणसं वाहून गेली आणि मागोमाग कॉलरा पसरला. मामी जिथं काम करायच्या त्या दवाखान्यातून फोन आला. भाषा येणारी, लोकांच्या ओळखीची नर्स हवी होती. हापसे गाळानं भरले होते, तेव्हा मामाही हवे होते. दोघांनी पिशव्या भरायला घेतल्या. पण मामांच्या हृदयाला मागेच स्प्रिंग बसवलेली. नांदेडच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हणून सांगितलं.

मला वाटलं, आता मामीही थांबतील. दोघांना कधी वेगळं बघितलंच नव्हतं. संध्याकाळी त्या नेहमीसारख्या अप्पांचे पाय चोळत बसल्या होत्या. मी विचारलं, "मामी, मग?"

"मी जायलीय," त्या म्हणाल्या. "ज्यांची बाळंतपणं केली त्या पोरी आता आया झाल्यात. त्यांची लेकरं आजारी हायेत. मला इथं बसवंल का?"

"आणि मामा?"

"ते राहतील की. मोठे हायेत."

मामींना विमानासाठी हैदराबादच्या गाडीवर सोडायला मामांबरोबर खाजाभाई आणि मी गेलो होतो. मामा सगळा वेळ बॅगेच्या दोरीवरून भांडत होते. गाठ ढिली आहे, चेन सुटेल, सांगितलेलं ऐकायचं नाही. गाडी हलली तरी ते गाठीबद्दलच सांगत होते. मामींनी खिडकीतून हात बाहेर काढला, मामांनी तो पटकन धरला आणि सोडला. मग टपरीवर येऊन बसले. खाजाभाईंनी चहा दिला, पण कधी नव्हे ते काही विचारलं नाही.

त्यानंतर मामांनी गावाला जेरीस आणलं. चालू असलेले हापसे खोलून पुन्हा बसवायला लागले. ज्यांच्याकडं कुणी आजारी नव्हतं त्यांच्याकडंही तब्येत विचारायला जायचे आणि उठायचे नाहीत. बायका लांबून टॉवेल दिसला की दार लोटून घ्यायला लागल्या. एकदा खाजाभाई मला म्हणाले, "बाई, याकोबभाई टपरी बंद केल्यावर पण बसून असतेत. मी घरी चला म्हणलो तर म्हणाले, येतो, तुमी व्हा पुढं."

आमच्याकडं तर दिवसातून चार चार वेळा यायचे. अप्पांना औषध दिलं का, कूस बदलली का. मला कधी कधी वैताग यायचा. चेहरा ओढलेला, डोळे लाल. "मामा, जेवलात का?" विचारलं की म्हणायचे, "मला काय धाड भरलीय. तू अप्पाचं बघ."

मामी तीन महिन्यांनी सुखरूप परत आल्या, निम्म्या होऊन आल्या. पण मला सांगायचंय ते त्याआधीच्या एका रविवारचं.

दुपारी मी मागं धुणं वाळत घालत होते. आत आले तर अप्पांच्या खाटेशेजारी, खाली सतरंजीवर मामा झोपले होते. पायांत चपला तशाच. अप्पा जागे होते. त्यांनी आपल्या अंगावरची शाल डाव्या हातानं ओढून मामांच्या अंगावर टाकली होती. अर्धी मामांवर, अर्धी जमिनीवर. मी दिसताच अप्पांनी ओठांवर बोट ठेवलं.

तेवढ्यात मामांच्या खिशातला फोन वाजला. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. लकवा झाल्यापासून त्यांचं बोलणं दोन शब्दांच्या पुढं जात नव्हतं. ते जोर लावून म्हणाले, "उचल. सांग, झोपलाय."

मी अलगद फोन काढला. मामी होत्या. त्यांच्या मागं कुठलंतरी लेकरू रडत होतं, भांडी वाजत होती.

"मामी, मी महानंदा. मामा झोपलेत. उठवू का?"



"खरंच झोपलेत?"

"गाढ."

"नको उठवू," मामी म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "घरी झोपत न्हाईत गं ते. रोज फोन लावतेत आणि बोलत काहीच न्हाईत. तू तुझं काम कर म्हणतेत, फोन नुसता चालू राहू दे. मी इकडं लोकांना पाणी पाजत असते आणि कानाला त्यांचं कूस बदलणं येत असतं. विचारलं तर म्हणतेत, रेंज बघायलोय."

मामांनी झोपेतच शाल वर ओढली आणि घोरायला लागले.

"हे त्यांचंच ना?" मामींनी विचारलं.

"हो."

"फोन त्यांच्या उशाशी ठेवतीस का जरा? मला थोडा वेळ हाय आत्ता."

मी फोन मामांच्या डोक्याजवळ ठेवला. पलीकडचं लेकराचं रडणं, भांडी, सगळं हळूहळू दूर गेलं. मामी बहुतेक बाजूला कुठंतरी जाऊन बसल्या असाव्यात. अप्पांनी डाव्या हातानं मला बस म्हणून खूण केली. धुण्याची अर्धी बादली मागं तशीच पडली होती. मी भिंतीला टेकून खाली बसले. खोलीत फक्त मामांचं घोरणं होतं, आणि ते आम्ही तिघंही ऐकत होतो.